बाळंतपणाची रजा आणि राजीनाम्याचा आग्रह

प्रश्न : मी एका मान्यताप्राप्त खासगी माध्यमिक शाळेत कायम शिक्षिका आहे. बाळंतपणाची रजा संपवून हजर झाले, तेव्हा मस्टरवर माझ्या नावावर लाल रेघ मारलेली होती. “तुमच्या जागी दुसऱ्या बाई घेतल्या आहेत, तूर्त राजीनामा द्या, जूनमध्ये पुन्हा घेऊ,” असे संस्थाचालक सांगतात. लेखी आदेश नाही, रजेचा पगारही नाही. काय करावे?
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : ताई, राजीनाम्यावर सही करू नका. सही झाली की संस्था ‘बाईंनी स्वखुशीने नोकरी सोडली’ असे म्हणणार आणि दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येणार. जूनमध्ये खरोखर घेतले, तरी मागील सेवा आणि ज्येष्ठता तुटण्याची भीती राहतेच. मराठवाड्यातील अनेक शिक्षिका ‘संस्थेशी वैर नको’ म्हणून इथेच माघार घेतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रसूतिरजेवर असताना किंवा त्या रजेच्या कारणावरून स्त्रीला कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील हे संरक्षण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असल्यास पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ही रक्कम नाकारली गेल्यास कामगार विभागाकडे तक्रार करता येते.

नोकरीसाठी मात्र वाट वेगळी आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार सेवासमाप्तीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे (अशा शाळांतील नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे) आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करावे लागते. तुमच्याकडे आदेशच नाही, म्हणून तारखेचा पुरावा तुम्हालाच उभा करावा लागेल. ‘मी अमुक तारखेस हजर झाले, मला सही करू दिली नाही’ असे पत्र मुख्याध्यापकांना व संस्थेच्या सचिवांना आजच नोंदणीसह स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा आणि त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. रजेचा अर्ज, नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यतेचे (तुमच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेल्या मंजुरीचे) पत्र आणि पगार जमा झाल्याचे बँकेचे पासबुक एकत्र ठेवा. मस्टरच्या त्या पानाचा फोटो मिळाला तर उत्तमच.

मुदत उलटून गेली असली, तरी सबळ कारण दाखवल्यास न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते. तेव्हा प्रसूतीच्या वेळचे दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड आणि बाळाच्या आजारपणाचे कागद असतील तर तेही वकिलांकडे द्या.