विनवणीच्या ईमेलने मुदत थांबत नाही

मूळची सांगलीची, सध्या अमेरिकेतल्या एका खासगी विद्यापीठात पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी लिहिते: ‘मी लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट होते. शनिवार-रविवारी यंत्रांजवळ थांबण्याच्या पाळ्या नेहमी आम्हा तिघांनाच लागायच्या. त्यांची नीट वाटणी व्हावी, असा ईमेल २५ ऑगस्टला आम्ही तिघांनी मिळून अ‍ॅडव्हायजरना पाठवला. मजकूर माझा होता. १६ सप्टेंबरला मला ईमेल आला: प्रकल्पाची दिशा बदलल्यामुळे १ जानेवारीपासून तुमचं फंडिंग बंद. तेव्हापासून मी विभागप्रमुख, डीन, ऑम्बड्स ऑफिस (तक्रारी ऐकून मार्ग सुचवणारं विद्यापीठाचं कार्यालय) सगळ्यांना लिहीत आहे. सगळे म्हणतात, बघू. १५ जानेवारीला स्टायपेंड आला नाही. आमच्याकडे युनियन आहे, पण मी सभासद नाही. व्हिसावर असताना त्यात पडू नये, असं सीनियर सांगायचे. आता विभागप्रमुख म्हणतात, एक सत्र लीव्ह घ्या. अ‍ॅडव्हायजरवर केस करता येईल का?’

पत्र ३ फेब्रुवारीला आलं. त्याच रात्री मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं: कशावरही सही करू नका, आणि उद्या सकाळी युनियनच्या स्टुअर्डला, म्हणजे विभागातल्या तिच्या प्रतिनिधीला, गाठा. आता सविस्तर लिहितो, कारण याच आशयाची पत्रं मला वरचेवर येतात. विद्यापीठ बदलतं, विषय बदलतो, मधे वाया गेलेले महिने तेवढे तसेच असतात.

तुमच्यावर अन्याय झाला का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. पत्र वाचून मला वाटतं, झाला. पण तुमच्या प्रकरणाचा निकाल त्यावर लागणार नाही. युनियन आणि विद्यापीठ यांच्यातला करार तुम्ही पत्राला जोडलात आणि लिहिलंत, ‘मी तो वाचलेला नाही.’ मी वाचला. त्याच्या तक्रारनिवारणाच्या भागात एक वाक्य आहे: घटना घडल्यापासून, किंवा ती कर्मचाऱ्याला कळल्यापासून वा कळायला हवी होती तेव्हापासून, ३० दिवसांत लेखी ग्रीव्हन्स (करार मोडल्याची औपचारिक तक्रार) दाखल झाली पाहिजे, नंतर आलेली विचारात घेतली जाणार नाही. सारं या वाक्यावर अडलं आहे. तुम्हाला कळलं १६ सप्टेंबरला. म्हणजे सरळ वाचन केलं तर १६ ऑक्टोबरला दार बंद झालं. त्या तारखेपर्यंत तुम्ही नऊ ईमेल पाठवले होते. एकही ग्रीव्हन्स नव्हती.

हे मी रागावूनच लिहितो आहे. नऊ ईमेल लिहायला जितका वेळ लागला, त्याच्या पावपट वेळात युनियनचा एक पानी फॉर्म भरून झाला असता. ऑम्बड्स ऑफिसकडे जाणं वाईट नाही, पण तिथे सांगितलेलं सहसा गोपनीय राहतं आणि ती विद्यापीठाला दिलेली औपचारिक नोटीस धरली जात नाही. डीनना केलेली विनंती ही विनंतीच राहते.

आपल्याकडच्या मंडळींचा घोळ कुठे होतो, ते मला ठाऊक आहे. मीही आधी महाराष्ट्रात कामगारांच्या बाजूने वकिली केली. तिथे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांसाठीच्या १९७१च्या, वकिलांच्या तोंडी ‘एमआरटीयू-पल्प’ असलेल्या कायद्यात अनुचित कामगार प्रथेविरुद्ध तक्रारीला ९० दिवसांची मुदत आहे, पण पुरेसं कारण दाखवलं तर न्यायालय उशिराची तक्रारही घेऊ शकतं. विलंब माफीचा अर्ज करायचा, आजारपण सांगायचं, वडीलधाऱ्यांनी समेटाचा प्रयत्न केला असं सांगायचं. पुढे प्रकरण इतकं रेंगाळतं, की कामावरून काढलेल्या माणसाची बालवाडीतली मुलगी निकालाच्या दिवशी कॉलेजात असते. मी हे पाहिलं आहे, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. पण त्या व्यवस्थेत वाढल्यामुळे आपल्याला वाटतं, की मुदत म्हणजे पुढेमागे सरकणारी गोष्ट. तुमच्या विद्यापीठातल्या करारातली मुदत तशी सरकत नाही. दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तरच ती वाढते, आणि विद्यापीठाने आज ती का द्यावी?

तरी एक फट उरली आहे. फंडिंग बंद होणार हे सप्टेंबरमध्ये कळलं, पण पगार प्रत्यक्ष थांबला १५ जानेवारीला. करारात ‘घटना’ हा शब्द आहे. पगार न मिळणं हीच घटना, असा युक्तिवाद युनियन करू शकते, आणि मग ३० दिवस १४ फेब्रुवारीला संपतात. युक्तिवाद भक्कम आहे असं मी म्हणणार नाही. विद्यापीठाचा वकील लगेच सप्टेंबरच्या ईमेलकडे बोट दाखवील, आणि लवाद कदाचित त्याचंच ऐकेल. पण १४ तारखेनंतर हा युक्तिवाद करायलाही जागा राहणार नाही, म्हणून ग्रीव्हन्स याच आठवड्यात गेली पाहिजे.

मला जास्त आशा दुसऱ्या दारापाशी दिसते, आणि ते दार तुम्हाला ठाऊकही नव्हतं. २५ ऑगस्टचा ईमेल तुम्ही पत्रात जाता जाता सांगितलात. माझ्या लेखी पत्रातली सर्वांत मोलाची ओळ ती आहे. अमेरिकेच्या १९३५च्या नॅशनल लेबर रिलेशन्स अ‍ॅक्टचं ७वं कलम कर्मचाऱ्यांना परस्परांच्या हितासाठी एकत्र येऊन पाऊल उचलण्याचा हक्क देतं. त्यासाठी युनियनचं सभासद असावं लागत नाही, किंबहुना तिथे युनियन असावी लागते असंही नाही. तिघांनी मिळून पाळ्यांबद्दल लिहिलं, एवढं पुरतं. त्याचा सूड म्हणून तुम्हाला काढलं असेल, तर ती अनुचित कामगार प्रथा ठरते आणि तिची तक्रार नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाच्या विभागीय कार्यालयात करता येते. फी नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार कोणीही व्यक्ती करू शकते.

इथेही मुदत आहे, सहा महिन्यांची. बोर्ड ती निर्णय कळल्याच्या दिवसापासून मोजतं, पगार थांबल्याच्या दिवसापासून नाही. म्हणजे १६ मार्च. शिवाय नुसती तक्रार दाखल करून भागत नाही, तिची प्रत त्या मुदतीच्या आत विद्यापीठाला बजावलेलीही असावी लागते. या मुदतीला कायद्याने स्वतः लिहून ठेवलेला अपवाद एकच आहे: तक्रारदार सैन्यात सेवेवर असल्याने तक्रार करू शकला नाही तर. मालकाने सत्य दडवून ठेवलं, अशा मोजक्या कारणांनी क्वचित सवलत मिळते. ‘मला माहीत नव्हतं’ आणि ‘डीन बघू म्हणाले’ ही त्यातली कारणं नाहीत.

तक्रार टिकेल का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. ईमेलची माहिती अ‍ॅडव्हायजरना होती हे उघड आहे, तीन आठवड्यांचं अंतरही बोलकं आहे. पण विद्यापीठ म्हणेल की अनुदान खरंच संपलं, किंवा तुमची प्रगती असमाधानकारक होती. तो ईमेल आला नसता तरी हेच केलं असतं, असं त्यांनी पटवून दिलं तर तुमची बाजू पडते. म्हणून त्या अनुदानावर जानेवारीनंतर दुसऱ्या कोणाला घेतलं का, गेल्या वर्षीच्या तुमच्या प्रगती अहवालात काय लिहिलं होतं, आणि उरलेल्या दोघांचं पुढे काय झालं, हे गोळा करा. आणि त्या दोघांशी बोलताना त्यांच्यावर दबाव आणू नका. त्यांचंही स्टायपेंड पणाला लागलेलं असतं.

सभासद नसण्याबद्दल. कार्ड भरलं नाही म्हणून युनियन तुम्हाला परत पाठवू शकत नाही. युनियनने कर्मचाऱ्यांच्या ज्या गटाची निवडणूक जिंकली, त्या गटातल्या प्रत्येकाची ती एकमेव प्रतिनिधी असते, वर्गणी भरणाऱ्याची आणि न भरणाऱ्याचीही. तुमचं नेमणूकपत्र रिसर्च असिस्टंटचं आहे, म्हणजे तुम्ही गटात आहात. निव्वळ फेलोशिपवर असणाऱ्यांचं तसं नाही. २०२३मध्ये एमआयटीतल्या फेलोशिपधारकांना कर्मचारी मानायला बोर्डाच्या विभागीय संचालकांनी नकार दिला. मात्र प्रतिनिधित्व म्हणजे हुकमी वकील नव्हे. ग्रीव्हन्स लवादापर्यंत न्यायची की नाही, हे युनियन ठरवते, तुम्ही नाही. मनमानी, भेदभाव किंवा दुष्ट हेतू असेल तरच त्या निर्णयाला आव्हान देता येतं.

युनियन कदाचित सांगेल, ग्रीव्हन्स करू, बोर्डाकडे नको. त्यामागे भित्रेपणा नाही. खासगी विद्यापीठातले असिस्टंट कर्मचारी आहेत की नुसते विद्यार्थी, यावर बोर्डाने २०००मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात ‘कर्मचारी’ म्हटलं, २००४मध्ये ब्राऊनच्या प्रकरणात ते फिरवलं, आणि २०१६मध्ये कोलंबियाच्या प्रकरणात पुन्हा उलटवलं. आज सगळा डोलारा त्या शेवटच्या निर्णयावर उभा आहे. बोर्डाचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात, त्यामुळे आपलंच प्रकरण तो निर्णय मोडायला निमित्त ठरेल, ही धास्ती २०१८मध्ये इतकी होती की येल, शिकागो, बोस्टन कॉलेज इथल्या संघटनांनी निवडणुकीचे अर्ज मागे घेतले. युनियनचं म्हणणं ऐकून घ्या, विचारात घ्या. पण १६ मार्चची तारीख त्या चर्चेत जाऊ देऊ नका. तक्रार दाखल झाली की, ग्रीव्हन्स चालू आहे म्हणून बोर्ड ती थांबवून ठेवू शकतं, आणि तशी थांबली तरी ती मुदतीत राहते. दाखलच झाली नाही तर तुमच्या हाती काही उरत नाही.

वेळ लागेल, हे मनाशी धरून चाला. २०२५च्या जानेवारीअखेर एका सदस्याला पदावरून दूर केल्यावर बोर्डाकडे निर्णयाला लागणारे तीन सदस्यही उरले नाहीत आणि कित्येक महिने वॉशिंग्टनचे निकाल थांबले. विभागीय कार्यालयांतली चौकशी तेवढी चालू राहिली. नोकरीसाठी भांडणाऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवणं मला कुठल्याही देशात पटलेलं नाही.

व्हिसाबद्दल सीनियरांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना युनियनचं सभासद होणं, ग्रीव्हन्स करणं, बोर्डाकडे जाणं यातल्या कशानेही दर्जा जात नाही. तो जाऊ शकतो तो लीव्हने. पूर्णवेळ नोंदणी हा त्या दर्जाचा पाया आहे. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या परवानगीने शिक्षण थांबवलं, तरी देश सोडायला १५ दिवस मिळतात. विभागप्रमुखांनी चांगल्या मनाने सुचवलं असेलही. पण तुम्ही सांगलीत बसून ग्रीव्हन्सच्या बैठकींना कशा हजर राहणार? ट्यूशनचं बिल आलं असेल तर युनियनमार्फत मुदत मागा, आणि त्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय एकही विषय सोडू नका.

आणखी एक, जे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पत्रात तुम्ही आठवड्याला किती तास राबलात, तो आकडा दिला आहे. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या कामाची मर्यादा आठवड्याला २० तासांची आहे. तुमच्या तासांतले किती प्रबंधाचे आणि किती नोकरीचे, हे वेगळं काढणं अवघड आहे, आणि ते चुकीच्या शब्दांत लिहिलं गेलं तर तुमच्याच अंगाशी येईल. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलेपर्यंत तो आकडा कुठल्याही कागदावर लिहू नका. ग्रीव्हन्सला त्याची गरजही नाही. तिला पाळ्यांचा ईमेल, सप्टेंबरचा ईमेल आणि न आलेला पगार पुरे आहे.

अ‍ॅडव्हायजरवर व्यक्तिशः दावा? त्यातून फारसं काही निघेल असं मला आज वाटत नाही. आणि सरकारी विद्यापीठातल्या वाचकांनी माझ्या तारखा स्वतःला लावून घेऊ नयेत. तिथे केंद्राचा हा कायदा लागू नाही, ज्या त्या राज्याचा कायदा बघावा लागतो.

स्टुअर्डकडे जाताना नेमणूकपत्र, दोन्ही ईमेल आणि डिसेंबर-जानेवारीच्या पगाराच्या नोंदी न्या. हे सगळं आधी विद्यापीठाच्या खात्यातून तुमच्या स्वतःच्या खात्यावर उतरवून घ्या. नेमणूक संपल्यावर लॅबच्या फोल्डरचा प्रवेश कधी बंद होईल, सांगता येत नाही. ग्रीव्हन्स पोहोचल्याची लेखी पोच मागा, तारखेसह. ती हातात आली की मला कळवा. बोर्डाच्या फॉर्ममध्ये २५ ऑगस्ट आणि १६ सप्टेंबर या दोन तारखा कशा मांडायच्या, ते मी तुमच्याबरोबर बसून पाहीन.