फॉर्म भरताना कुठे अडलीस?

जानेवारी उजाडला की अकरावीच्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी एकच काळजी घेऊन येतात: "दोन समर प्रोग्रॅम समोर आहेत. चुकीचा निवडला तर पुढे परदेशी ॲडमिशनला फटका बसेल का?" हे इतक्यांदा ऐकलंय की एका मुलीबरोबरच्या पाच भेटींतलं मोजकं इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पुण्याची मुलगी, अकरावी सायन्स. एकीकडे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आवारात भरणारा दोन आठवड्यांचा कार्यक्रम. मार्कशीट पाठवली, चार दिवसांत जागा मिळाली, शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरायचं होतं. दुसरीकडे बंगळुरूच्या आयआयएससीतला 'प्रॉमिस इंडिया': सहा आठवडे, मुख्य विषय नंबर थिअरी (पूर्णांकांच्या गुणधर्मांचं गणित), आणि अर्जासोबत गणितं सोडवून पाठवायची.

दोन भेटी फायद्या-तोट्यांच्या याद्यांत गेल्या. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "फॉर्म भरताना कुठे अडलीस?"

"अमेरिकेच्या फॉर्मला वीस मिनिटं लागली."

"आणि दुसरा?"

"तीन आठवडे झाले. सगळी गणितं सुटत नाहीयेत, म्हणून पाठवणारच नाहीये."

वही तिच्या सॅकमध्येच होती. अर्जातली गणितं कुणाच्या मदतीशिवाय सोडवायची असतात, म्हणून ती पानं मी बघितली नाहीत. तिने वहीची मागची पानं उघडली. एका रकान्यात 5, 13, 17, 29 आणि पुढे 1+4, 4+9, 1+16, 4+25. दुसऱ्या रकान्यात 3, 7, 11, 19 आणि प्रत्येकापुढे फुली. खाली पेन्सिलीने, दोनदा खोडून: 'चारने भागून बाकी 1 उरली तरच दोन वर्गांची बेरीज?'

"हे कोणी सांगितलं करायला?"

"कोणीच नाही. गणित अडलं की मी इकडे यायचे."

आई म्हणाली, "म्हणजे रात्री दीडपर्यंत लाईट चालू असायचा, तो ह्याच्यासाठी?"

त्या क्षणी दोन्ही याद्या बाजूला पडल्या. आवड विचारून कळत नाही, ती वागण्यात दिसते, या मताची मी आहे. फॉर्म भरणं हा त्या कार्यक्रमाचा पहिला दिवसच असतो. 'प्रॉमिस इंडिया' ज्याचा भारतीय अवतार आहे ते मूळ प्रॉमिस 1989 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठात सुरू झालं, गणितज्ञ अर्नोल्ड रॉस यांनी 1957 मध्ये सुरू केलेल्या उन्हाळी वर्गाच्या धर्तीवर. तिथे सकाळी लेक्चर होतं आणि उरलेला दिवस मुलं गणितांशी झटतात. म्हणजे ती तीन आठवडे जे करत होती, तेच. शिवाय अर्जात सगळी उत्तरं यायलाच हवीत अशी अपेक्षा नसते. अर्धवट सुटलेलं गणित, फसलेली वाट, सापडलेला नमुना, हे सगळं नीट लिहून पाठवायचं असतं. हे तिला माहीतच नव्हतं.

नुसत्या मार्कशीटवर आणि फीवर जागा देणारा कार्यक्रम वाईटच असतो असं नाही. मुलाला घराबाहेर राहायची सवय लावायची असेल, तर चालेलही. पण डिपॉझिट भरण्याआधी ईमेलने लेखी विचारा: शिकवणार कोण, त्याच विद्यापीठाचे प्राध्यापक की आवार भाड्याने घेतलेली कंपनी? सर्टिफिकेटवर नाव कोणाचं? एका गटात मुलं किती? व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतात का, किती तारखेपर्यंत? फी-सवलत आहे का? आणि गेल्या वर्षी जाऊन आलेल्या एखाद्या मुलाशी बोलायला मिळेल का? उत्तरं मोघम आली, तर डिपॉझिट भरू नका.

लहान मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट: इस्रोचा दोन आठवड्यांचा 'युविका' हा अवकाशविज्ञानाचा कार्यक्रम फक्त नववीच्या मुलांसाठी असतो आणि प्रवास, राहणं, जेवण यांचा खर्च इस्रो करतं. अकरावीत त्याची चौकशी करून उपयोग नाही.

वडिलांचे दोन प्रश्न उरले होते. बारावीच्या व्हेकेशन बॅचचे सहा आठवडे बुडतील त्याचं काय? क्लासकडून त्या काळाचा टॉपिकवार तक्ता मागवला. पाच धडे निघाले, जूनअखेरपासून रोज दीड तास दिला तर महिन्याभरात भरून निघतील एवढे. आणि निवडच झाली नाही तर?

मी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, "बाबा, बाकी 3 उरली की का जमत नाही, ते मला तरीही शोधायचंच आहे."

शुक्रवारी डिपॉझिट भरलं नाही. अर्ज गेला, दोन गणितं अर्धवट ठेवून.