जहाजाचं पहिलंच मॉडेल म्हणून ‘व्हिक्टरी’चं किट घ्यावं का? रॅटलाइनच्या, म्हणजे डोलकाठीवर चढायच्या आडव्या दोऱ्यांच्या, गाठी खरंच एकेक माराव्या लागतात का? आणि लाकूड कुठलं वापरावं?

व्हिक्टरी घेऊ नका. पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला.

दुसऱ्यासाठी मात्र जरा ऐसपैस बसतो. कारण प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय, "एका अनुभवी माणसाने सांगितलं की खऱ्या गाठी मारल्या नाहीत तर ते मॉडेलच नव्हे. हे बरोबर आहे का?" हे वाक्य मी ऐकलेलं आहे. तेही चारचौघांत, माझ्याच मॉडेलसमोर.

पण आधी व्हिक्टरीचं उरकू. 1765 साली पाण्यात उतरलेलं, तीन डोलकाठ्यांचं, 104 तोफांचं जहाज. खोक्यावरचा फोटो बघून भल्याभल्यांची विकेट पडते, आणि मग लक्षात येतं की तोच तोफेचा गाडा, तीच चार चाकं आणि तेच दोर शंभरच्या आसपास वेळा करायचे आहेत. पहिले दहा गाडे उत्साहात होतात. पुढचे करताना आपण हा छंद का घेतला असा प्रश्न पडायला लागतो. मी पाहिलेली बरीच व्हिक्टरी फळ्यांच्या पहिल्या थरापर्यंत येऊन कपाटावर गेलेली आहेत. वर रंगाचा घोळ आहेच. 2015 मध्ये खरं जहाज नव्याने रंगवलं तेव्हा जुन्या रंगाचे थर तपासले आणि आधीच्या ठसठशीत पिवळ्याच्या जागी फिकट, किंचित गुलाबीकडे झुकणारी छटा दिली. तुम्ही कुठलाही रंग दिलात तरी कुणीतरी येऊन चुकलंय म्हणणारच.

त्यापेक्षा ‘बाउंटी’ या ब्रिटिश जहाजाची लाँच (छोटी होडी) करा. 1789 मध्ये बाउंटीवर झालेल्या बंडानंतर तिचा कप्तान ब्लाय आणि त्याच्या 18 माणसांना ज्या 23 फुटी उघड्या होडीत सोडून दिलं, ती. 1:16 च्या स्केलला, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाला, जेमतेम 44 सेंटिमीटर होते. तोफा नाहीत, रिगिंग (डोलकाठी-शिडांचे दोर) नावापुरतं, आणि वरून उघडी असल्याने आतली प्रत्येक फासळी दिसते, म्हणजे चालढकल करता येत नाही. शिडं-तोफांशिवाय मन भरणारच नसेल तर 1:64 मधलं एका डोलकाठीचं कटर घ्या. कटरची नाळ (पुढचा भाग) चांगलीच गोलसर असते. फळी निमुळती करणं, गरम करून वाकवणं, सगळं तिथेच शिकून होतं. बाउंटीच्या गोष्टीला धरूनच पुढचं जहाज घेतलंत तर आणखी मजा. मी तेच केलं होतं, आणि तिथूनच ते गाठींचं प्रकरण उभं राहिलं.

बाउंटीच्या बंडखोरांना पकडायला 1790 मध्ये पँडोरा नावाचं 24 तोफांचं जहाज पाठवलं होतं. परत येताना 1791 मध्ये ते ग्रेट बॅरिअर रीफवर आपटून बुडालं. अवशेष सापडले ते थेट 1977 मध्ये. मला या जहाजाने झपाटलं होतं. गनडेकची (तोफांच्या मजल्याची) खरी लांबी साधारण 35 मीटर, म्हणजे 1:96 ला 36 सेंटिमीटर. घरात मावेल असं. हल (जहाजाचं धड) झाला, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, श्राउड (डोलकाठीला बाजूंनी धरून ठेवणारे दोर) ताणून झाले आणि मग रॅटलाइनची पाळी आली. खलाशी ज्यांवर पाय देऊन वर चढतात त्या आडव्या दोऱ्या. दोन दोऱ्यांमधलं अंतर खऱ्या जहाजावर 13 ते 15 इंच, 1:96 ला साडेतीन ते चार मिलिमीटर.

मी गाठी मारल्या नाहीत. बारीक सुईने दोरा श्राउडमधून ओवला, प्रत्येक छेदावर पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा थेंब टाकला आणि वाळल्यावर टोकं छाटली. हे विचार करून केलं होतं, आळसाने नाही.

मॉडेल एका प्रदर्शनात ठेवलं. परीक्षक म्हणून एक ज्येष्ठ गृहस्थ होते, हातात भिंग. हल बघितला, मान डोलावली. भिंग श्राउडवर गेलं आणि तिथेच थांबलं.

"गाठी कुठायत?"

"सर, ओवून घेतल्यात. या स्केलला गाठ फार मोठी दिसते, म्हणून..."

"मग हे मॉडेल नाही, देखावा आहे. मेहनत टाळायची तर प्लास्टिकचं करायचं ना."

भोवती दहा-बारा माणसं. मी हिशेब सांगायला लागलो तर ते म्हणाले, "आम्ही असंच शिकलो आणि असंच करतो," आणि पुढच्या टेबलावर गेले. तिथेही 1:96 चंच जहाज होतं. त्याच्या रॅटलाइनच्या गाठी दोन पावलं मागे सरकूनही मोजता येत होत्या. बक्षीस त्याला मिळालं. बक्षिसाचं मला फारसं काही नाही (थोडं आहे), पण तो हिशेब त्या दिवशी कुणी ऐकला नाही, तेव्हा तो आता तुम्ही ऐका.

रॅटलाइनचा खरा दोर अंगठ्याहून बारीक, 12-13 मिलिमीटरचा. 1:96 ला तो व्हायला हवा 0.13 मिलिमीटर. किटमध्ये सर्रास येणारा बारीक दोरा असतो 0.25 चा. म्हणजे दोराच मुळात दुप्पट जाड. त्याची क्लोव्ह हिच (रॅटलाइन श्राउडला बांधायची गाठ) मारली की गाठीची रुंदी पाऊण मिलिमीटरच्या घरात जाते. गुणा 96 ने. 72 मिलिमीटर. प्रत्येक श्राउडवर, प्रत्येक पायरीला, मुठीएवढी गाठ! असं जहाज कुठल्या आरमारात होतं ते त्या परीक्षकांनी मला सांगावं. गाठ खरी मारायची आणि तिच्यापायी अख्खं जहाज खोटं दिसू द्यायचं, याला मी मेहनत म्हणत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. 1:96 चं मॉडेल तुम्ही अर्ध्या मीटरवरून बघता, म्हणजे खरं जहाज 48 मीटरवरून बघता. धक्क्यावर तेवढ्या लांब उभे राहा आणि रॅटलाइनची गाठ कशी बांधलीय ते ओळखून दाखवा. फार तर ठिपका दिसेल. गोंदाचा वाळलेला थेंब नेमका तेवढाच ठिपका देतो.

आणि तिसरी, जी मला त्या दिवशी ऐन वेळी सुचली नाही आणि घरी पोचल्यावर सुचली. क्लोव्ह हिच असते ती मधल्या श्राउडवर. दोन्ही टोकांना, म्हणजे सर्वांत बाहेरच्या श्राउडवर, रॅटलाइनला छोटा डोळा (दोराचीच कडी) केलेला असतो आणि तो बारीक दोरीने श्राउडला बांधलेला असतो. बक्षीस मिळालेल्या मॉडेलवर टोकांनासुद्धा क्लोव्ह हिचच होत्या. म्हणजे ‘खऱ्या गाठी’वाल्यांना खरी गाठ कुठे असते हेच ठाऊक नव्हतं. ते कुणाच्या भिंगात आलं नाही.

तांब्याच्या पत्र्यांचं तेच. 1780 च्या आसपास ब्रिटिश आरमाराने जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारायला घेतले. पत्रा साधारण चार फूट बाय 14 इंच, 1:96 ला 12.7 बाय 3.7 मिलिमीटर. खिळे ठोकून पत्र्याच्या सपाटीला बसवलेले. पण बाजारातल्या पत्र्यांवर अर्ध्या मिलिमीटरचे फुगवटे उठवलेले असतात. 96 ने गुणलं की खिळ्याचं डोकं 48 मिलिमीटरचं! लोक मात्र हात फिरवून म्हणतात, वा, काय तपशील आहे.

या छंदात सगळ्यात मान कुणाला, तर 17 व्या आणि 18 व्या शतकातल्या नेव्ही बोर्ड मॉडेल्सना, म्हणजे ब्रिटिश आरमारी जहाजांच्या त्याच काळात केलेल्या मॉडेल्सना. बहुतेक 1:48 ची. खालच्या भागात फळ्याच नाहीत, फासळ्या उघड्या, आणि त्या फासळ्यांची मांडणीही खऱ्या गोदीतल्यासारखी नाही, मॉडेलसाठी ठरवून घेतलेली. अनेकांना डोलकाठ्याही नाहीत, मग रॅटलाइन कुठल्या? तरी संग्रहालयं ती जिवापाड जपतात. तिथे भिंग घेऊन कुणी ‘देखावा’ म्हणत नाही. नेपोलियनच्या युद्धांतल्या फ्रेंच कैद्यांनी इंग्लंडच्या तुरुंगात जेवणातल्या हाडांतून केलेली जहाजं घ्या. अनेकांची प्रमाणं साफ गंडलेली आहेत, आणि ती बघताना माझी बोलती बंद होते.

प्लास्टिकबद्दलही बोलून घेतो, इतक्यात थांबवत नाही. 1971 पासून जपानी कंपन्यांनी मिळून 1:700 ची वॉटरलाइन (जहाजाचा पाण्यावरचाच भाग असलेली) मालिका आणली. त्या स्केलला माणूस अडीच मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ही जहाजं करणारे लोक किटच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर धरून ओढतात, त्याची केसाहून बारीक तार काढतात आणि ती चिमट्याने अँटेना म्हणून लावतात. श्वास रोखून. ‘मेहनत टाळायची तर प्लास्टिक’ म्हणणाऱ्याने एकदा ही तार लावून बघावी.

आता तुम्हाला करायचं कसं ते. श्राउडच्या मागे आखलेला कागद लावा, रेघांचं अंतर तुमच्या स्केलप्रमाणे. खालून वर सलग जाऊ नका. आधी दर दहावी ओळ घ्या, मग मधल्या भरा, नाहीतर अंतर हळूहळू सरकत जातं आणि वर पोचल्यावर कळतं. सुई जमेल तेवढी बारीक. ती श्राउडच्या पिळातून मधोमध गेली पाहिजे, कडेने गेली तर एकच पदर धरते आणि ओढल्यावर तो फुगून बाहेर येतो. गोंदाचा थेंब टाचणीच्या टोकाने लावा. सुपरग्लू नको, दोरा काळपट आणि कडक होतो, पुढे तुटतोही. आणि ओढू नका. मुख्य घात इथेच होतो. प्रत्येक ओळ केसभर जास्त ताणली की बाहेरचे श्राउड आत यायला लागतात आणि शेवटी सगळा भाग डमरूसारखा दिसतो. दर काही ओळींनी मान वर करून समोरून बघा. बाहेरचे दोन श्राउड सरळ आहेत ना? नसतील तर शेवटच्या ओळी कापून टाका. गोंद वाळल्यावर काही करता येत नाही.

दोरा जाड का होतो याचं एक कारण फार कमी लोक सांगतात. जुन्या रिगिंगच्या तक्त्यांत दोराचं माप व्यासाचं नसतं, परिघाचं असतं. 12 इंची दोर म्हणजे व्यास 3.8 इंच, 1:96 ला एक मिलिमीटर. नवखा माणूस 12 इंच हाच व्यास धरतो आणि तीन मिलिमीटरहून जाड दोर लावून बसतो. तक्त्यातला आकडा 3.14 ने भागा, मग स्केलने.

आता पुरवणी, नाहीतर प्रतिक्रियांत झोडपाल. वरचं सगळं 1:96 आणि त्याहून लहान स्केलसाठी आहे. 1:64 ला रॅटलाइन 0.2 मिलिमीटरची येते, एवढा बारीक चांगला दोरा मिळतो आणि गाठ शोभते. तिथे मारा. 1:48 ला तर मारायलाच हव्यात, टोकांच्या डोळ्यांसकट. म्हणजे मी सुचवलेलं 1:64 चं कटर घेतलंत तर गाठी चुकत नाहीत, हे आधीच सांगायला हवं होतं कदाचित. पण एकाच डोलकाठीचे श्राउड आहेत, निभावून जाल. गाठीची सुरुवात मधल्या श्राउडपासून करा. आणखी एक, फार बारीक श्राउडमधून सुई घातली तर तो कमजोर होतो. अशा वेळी साधी एकेरी अढी आणि गोंद, बस.

लाकडाचं विचारलं होतंत. किटमध्ये येतं तेच वापरा. पेअर, बॉक्सवुड अशा लाकडांच्या गप्पा दुसऱ्या जहाजाच्या वेळी.

स्पर्धेत ठेवणार असाल तर नियम आधी मागून घ्या. क्लोव्ह हिच सक्तीची असेल तर 1:96 चं मॉडेल तिथे नेऊच नका. आणि तुमचे ते अनुभवी गृहस्थ पुन्हा भेटले तर त्यांना एवढंच विचारा की बाहेरच्या श्राउडवर कुठली गाठ असते. काय म्हणतात ते इथे खाली नक्की लिहा, मी वाट बघतोय.