पाण्याचा हिरवा रंग आधी काढ

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण दोनदा वाचलं. रोमन काळातलं आक्वे सुलिस, म्हणजे आजचं इंग्लंडमधलं बाथ, आणि तिथलं गरम झऱ्यावरचं सार्वजनिक स्नानगृह निवडलंस याचा खूप आनंद झाला. पण तुझा नायक हिरव्यागार पाण्यात उतरतो आणि मान वर करून आभाळ बघतो ना, ते आधी काढ, ते आजच्या फोटोंवरून आलंय. तेव्हा त्या मोठ्या कुंडावर छप्पर होतं, आता नाही म्हणून ऊन पडतं, शेवाळ धरतं आणि पाणी हिरवं दिसतं. वरच्या गच्चीवरचे पुतळेपण १९व्या शतकातले आहेत, तेही काढ. मग उरतं काय बघ, अर्धवट अंधार, ४६ अंश सेल्सिअसच्या झऱ्याची वाफ आणि दोन हातांवरचा माणूस धड ओळखू येत नाही. साबणही काढ, ते लोक अंगाला तेल चोपडायचे आणि धातूच्या वाकड्या पट्टीने मळ खरवडून काढायचे.

आता मुख्य गोष्ट. एवढं सगळं वर्णन केलंस पण नायक कपडे कुठे ठेवतो ते लिहिलंच नाहीस! अरे, तिथल्या लोकांना सगळ्यात मोठी धास्ती त्याचीच होती. त्या झऱ्यातून शापांचे सुमारे १३० पत्रे सापडलेत. शिशाच्या पातळ पत्र्यावर शाप कोरायचा आणि सुलिस मिनर्व्हा देवीच्या नावाने पाण्यात सोडायचा, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी चोरीच्याच. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले, तो म्हणतो चोराची बुद्धी जावो आणि डोळे जावोत. दुसऱ्या एकाचा टोपीवाला झगा गेला, तर चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की स्वतंत्र, झगा देवळात परत येईपर्यंत त्याला झोप लागू नये, मूलबाळ होऊ नये. दोन हातमोज्यांसाठी डोळे मागणारा माणूस किती थंडीत घरी चालत गेला असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझा नायक पैसेवाला आहे, म्हणजे कपडे राखायला सोबत गुलाम असणार, आणि झगा गेला तर मार त्यालाच पडणार. तो पोरगा बाहेर ओट्यावर बसलाय, आतले आवाज ऐकतोय आणि त्याला झोप येतेय. सीन त्याच्याकडून लिही. ही चार पानं आधी पाठव, बाकीचं प्रकरण मग बघू.