ॲपवर विमान दिसतं, मग रडार कशाला?

तुम्ही विचारलंय की फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर घरबसल्या कुणालाही विमानं दिसतात, तर युरोपातले देश रडारवर आणि विमानतळावरच्या नव्या यंत्रणांवर एवढा पैसा का घालतात? जीपीएसवर भागत नाही का?

नाही भागत. विमानांच्या सर्व्हेलन्स डेटावर, म्हणजे ती कुठे आहेत याच्या माहितीवर, चालणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी करणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ॲपवर तुम्हाला बहुतेक वेळा दिसते ती विमानाने स्वतः सांगितलेली जागा. विमान जीपीएसवरून आपलं ठिकाण काढतं आणि साधारण दर अर्ध्या सेकंदाला १०९० मेगाहर्ट्झवर जाहीर करतं. याला एडीएस-बी म्हणतात. युरोपियन युनियनने ५,७०० किलोपेक्षा जड किंवा २५० नॉटपेक्षा वेगवान विमानांना ते सक्तीचं केलं. ७ डिसेंबर २०२० ही त्याची तारीख, काही जुन्या विमानांना सवलत देऊन. या संदेशाला ना कुलूप असतं ना सही. म्हणूनच छोटा रिसीव्हर गच्चीवर लावून कुणीही तो ऐकू शकतं. आणि म्हणूनच, ठरवलं तर, खोटा संदेशही कुणी हवेत सोडू शकतं.

शिवाय मूळ जीपीएसच बिघडवता येतं. एस्टोनियातल्या तार्तू विमानतळावर उतरण्याची पद्धत जीपीएसवर अवलंबून होती. सिग्नलमध्ये इतका व्यत्यय यायला लागला की फिनएअरची विमानं हेलसिंकीला परत फिरली आणि २९ एप्रिल २०२४ पासून महिनाभर कंपनीने तिथली सेवाच थांबवली. बिघाड ना विमानात होता, ना धावपट्टीत.

पण मला विचाराल तर या सगळ्याचं खरं कारण समजून घ्यायला मिलानच्या लिनाते विमानतळाकडे बघावं. ८ ऑक्टोबर २००१, सकाळी आठच्या सुमारास, दाट धुकं. टॉवरमधून धावपट्टी दिसत नव्हती. जमिनीवरची विमानं दाखवणारं जुनं रडार बंद झालेलं होतं आणि नवं अजून सुरू व्हायचं होतं. म्हणजे कंट्रोलरकडे एकच साधन उरलं होतं: पायलट रेडिओवर सांगेल तिथे विमान आहे असं मानायचं. एका छोट्या सेसना जेटला आर-५ या टॅक्सीवेने (विमानांनी जमिनीवर चालण्याच्या रस्त्याने) जायला सांगितलं होतं, ते वळलं आर-६ वर. वाटेत जमिनीवर रंगवलेली एस-४ ही खूण पायलटला दिसली आणि त्याने ती कळवलीसुद्धा. पण ती खूण कंट्रोलरच्या नकाशात नव्हतीच, त्यामुळे विमान कुठे पोचलंय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. सेसना धावपट्टीवर शिरलं आणि उड्डाणाच्या वेगात असलेलं एसएएस कंपनीचं एमडी-८७ त्याला धडकून पुढे सामान हाताळणीच्या इमारतीवर आदळलं. ११८ माणसं गेली, त्यातली चार त्या इमारतीत काम करणारी.

पायलट खोटं बोलत नव्हता. त्याला जे दिसलं तेच त्याने सांगितलं. त्याचं सांगणं ताडून पाहायला टॉवरकडे दुसरं काही नव्हतं, आणि तिथेच घात झाला. या अपघाताचा चौकशी अहवाल मी कितीदा वाचला असेल, दर वेळी त्या एस-४ पाशी अडखळते.

आज युरोपच्या मोठ्या विमानतळांवर यासाठी मल्टिलॅटरेशन असतं. आवारात ठिकठिकाणी रिसीव्हर बसवलेले असतात. विमानाच्या ट्रान्सपाँडरचा, म्हणजे जमिनीवरून विचारलं की उत्तर देणाऱ्या रेडिओ यंत्राचा, एकच सिग्नल प्रत्येकाकडे किंचित वेगळ्या वेळी पोचतो आणि त्या फरकावरून जागा काढतात. सिग्नल एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, तेव्हा घड्याळं किती काटेकोर लागत असतील बघा. इथे विमानाने आपली जागा सांगायची गरजच नाही. त्याने काहीतरी बोलावं एवढं पुरे. अग्निशमनाच्या गाड्या आणि बर्फ काढणारी वाहनं यांच्यावरही छोटे ट्रान्समीटर असतात. विमान उतरायला येत असताना धावपट्टीवर काही असेल तर कंट्रोलरच्या स्क्रीनवर इशारा येतो.

यातही खोड्या आहेत. रेकॉर्डिंग तपासताना गेटवर उभं असलेलं विमान मला अचानक पन्नास-साठ मीटर बाजूला उडी मारताना दिसतं, कारण सिग्नल हँगरच्या पत्र्यावरून परतून आलेला असतो. जमिनीवरच्या रडारला तो पत्रा असा फसवत नाही, पण जोराच्या पावसात त्याचं चित्र गढूळ होतं. दोघांच्या चुका वेगवेगळ्या असतात, म्हणून दोघं मिळून उपयोगी. आमचं निम्मं काम म्हणजे कोणत्या क्षणी कुणावर किती भरवसा ठेवायचा हे सॉफ्टवेअरला शिकवणं.

ट्रान्सपाँडरवरही सगळा भार टाकता येत नाही. ५ आणि १० जून २०१४ रोजी मध्य युरोपात अनेक विमानं कंट्रोलरच्या स्क्रीनवरून मधूनमधून गायब झाली. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या तपासात निघालं की जमिनीवरची एक यंत्रणा ट्रान्सपाँडरना प्रमाणाबाहेर प्रश्न विचारत होती आणि त्यांना उत्तरं देणं झेपत नव्हतं. अशा वेळी उपयोगी पडतं ते प्रायमरी रडार. ते विमानाला काहीच विचारत नाही. आपली लहर सोडतं आणि धातूवरून आलेला प्रतिध्वनी पकडतं. ट्रान्सपाँडर बंद पडलेलं विमानसुद्धा त्याला दिसतं. महाग आहे, पण गर्दीच्या विमानतळाभोवती ते काढून टाकणं मला तरी पटत नाही.

म्हणून आधुनिकीकरण म्हणजे सगळं जीपीएसवर टाकणं असं समजू नका. जिथे एकाच आकाशावर गरजेपेक्षा जास्त फिरत्या अँटेनाची रडार आहेत तिथे ती कमी करता येतील. इन्सब्रुकसारख्या ठिकाणी, जिथे आल्प्सचे डोंगर रडारच्या आड येतात, डोंगरांवर बसवलेले मल्टिलॅटरेशनचे रिसीव्हर जास्त कामाचे. अटलांटिकवर तर रडार लावायला जमीनच नाही. तिथे २०१९ पासून इरिडियम कंपनीच्या उपग्रहांवरून एडीएस-बी ऐकतात.

एक करून बघा. ॲपमध्ये एखाद्या विमानावर बोट ठेवलंत की माहितीचा स्रोत कुठेतरी लिहिलेला असतो. तिथे एडीएस-बी असेल तर ती जागा विमानाने सांगितलेली आहे. एमएलएटी (म्हणजे मल्टिलॅटरेशन) असेल तर ती जमिनीवरच्या रिसीव्हरांनी वेळेच्या फरकावरून काढलेली आहे, आणि त्यासाठी निदान चार रिसीव्हरांना ते विमान ऐकू यावं लागतं. म्हणून अशी विमानं खाली आली की ॲपवरून लवकर नाहीशी होतात.