जुना ड्रोन घेताय? आधी यूआयएन मागा

भाऊ, कराडात स्वस्तात मिळतोय म्हणून जुना ड्रोन उचलू नका. आधी यूआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक मागा आणि तो आपल्या नावावर करून घ्या. नोंदणीच नसेल तर व्यवहार सोडा. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणीसाठी लागणारं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन ठरलेल्या कसोट्यांत बसतो असा दाखला, एकेका ड्रोनला नाही, मॉडेलला मिळतं. जुन्या परदेशी मॉडेलसाठी एकट्या मालकाने ते काढणं अवघडच. विकणारे ‘नंतर होईल’ म्हणतात. होत नसतं.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- वजन न बघणं. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. शिकायला तोच बरा.
- 2 किलोपर्यंतच्या मायक्रोला हौसेपुरतं पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण लग्नाची ऑर्डर घेतली की लागतं.
- सरकारच्या ड्रोन नकाशातला झोन, म्हणजे कुठे उडवता येतं आणि कुठे नाही, ते न बघता उडवणं. कराडला विमानतळ आहे, बरं का!