पंपापाशी न थांबलेली हेलन केलर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : पाचवीच्या वर्गात हेलन केलरची गोष्ट सांगताना मी पंपाखालच्या पाण्याचा प्रसंग सांगते. यंदा एका मुलीने विचारलं, ‘बाई, एका दिवसात तिला सगळं कसं कळलं?’ तिला काय सांगू?
– एक शिक्षिका, वाई

उत्तर : मुलीची शंका रास्त आहे. एका दिवसात कळलं नाही. त्या दिवसाच्या मागे एक महिना आहे, आणि त्या महिन्याच्या मागे पाच वर्षं.

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी. एकोणीस महिन्यांची असताना मोठा आजार झाला आणि दिसणं-ऐकणं दोन्ही गेलं. तोवर घरातलं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. पाण्यासाठी ‘वा-वा’ असा एक बोबडा शब्द आजारानंतरही तिच्या तोंडी राहिला. पुढच्या वर्षांत तिने स्वतःच्या खुणा बसवल्या. ढकललं की ‘जा’, ओढलं की ‘ये’. पाव हवा असला की तो कापून लोणी लावल्याची नक्कल. आइस्क्रीम हवं असलं की यंत्राचा दांडा फिरवायचा आणि कुडकुडून दाखवायचं. म्हणजे सांगायची ओढ होती, डोकं तल्लख होतं, फक्त वस्तूंना नावं असतात हे ठाऊक नव्हतं.

तिला शिकवायला ॲन सलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी घरात आली. तिचं वय अवघं वीस, आणि स्वतःची दृष्टीही अधू. तिने बाहुली हातात देऊन तळहातावर बोटांनी ‘डॉल’ची अक्षरं काढली. हेलनने ती हुबेहूब उतरवली, पण तो तिच्या लेखी बोटांचा खेळ होता. खरी अडचण ‘मग’ आणि ‘मिल्क’ या शब्दांपाशी आली. पेला, त्यातलं दूध आणि पिणं, तिन्ही एकदमच हाताला लागतात. मग नाव नक्की कशाचं?

५ एप्रिलला सलिव्हनने पेला हेलनच्या हातात दिला आणि स्वतः पंप मारला. गार पाणी पेला भरून तिच्या हातावरून वाहू लागलं, तेव्हा दुसऱ्या तळहातावर ‘वॉटर’ उमटवलं. पेला जागच्या जागी, पाणी मात्र वाहतं! दोन गोष्टी हातालाच वेगळ्या झाल्या. हेलनच्या हातून पेला गळून पडला. काही तासांत तीस नवे शब्द झाले.

मुलांना पुढचंही जरूर सांगा, कारण शिकवण्याच्या दृष्टीने तेच मोलाचं आहे. सलिव्हनने शब्दांचे ठरावीक धडे बंद केले. हेलनच्या नात्यातलं पंधरा महिन्यांचं एक भावंड तिने निरखलं. बोलता येण्याआधीच त्या बाळाला बोललेलं कळत होतं. तेव्हापासून ती हेलनच्या हातात अख्खी वाक्यं बोलू लागली, कळो न कळो, दिवसभर.

प्रश्न : तळहातावर ‘बोलायचं’ म्हणजे नेमकं कसं? माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. दिसणं गेलं होतंच, आता ऐकूही येत नाही. त्यांच्याशी मराठीत असं बोलता येईल का?
– एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : येईल. मात्र हेलनची पद्धत वेगळी होती. ती एका हाताची अक्षरं होती, बोटांच्या आकारांची. ‘वॉटर’ची पाच इंग्रजी अक्षरं पाहा : पहिल्याला तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका ताठ, दुसऱ्याला मूठ, अंगठा बाजूला, तिसऱ्याला अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधून वर, चौथ्याला चारही बोटं मुडपून अंगठ्यावर, शेवटच्याला तर्जनीवर मधलं बोट चढवलेलं. ऐकणाऱ्याचा हात बोलणाऱ्याच्या हातावर अगदी हलका असतो, बोटं अडणार नाहीत इतका. हेलन म्हणते, तुम्ही वाचताना सुटं अक्षर पाहत नाही, तसं मलाही सुटं अक्षर जाणवत नाही.

सासूबाईंना ही नवी लिपी शिकवायची गरज नाही. त्यांना लिहिता-वाचता येत होतं ना? मग देवनागरीच तळहातावर काढा. त्यापूर्वी एक पाहून घ्या : थोडंसं ऐकू येतं का, उजेड-सावली कळते का. बधिरांध माणसांपैकी बहुतेकांना थोडंफार काही उरलेलं असतं. आधी त्याचाच उपयोग करायचा.

समोर बसू नका, शेजारी बसा. समोर बसलात की अक्षर उलटं पडतं. त्यांचा हात उशीवर टेकवा, नाहीतर पाच मिनिटांत दुखू लागतो. आधी दंडाला हात लावून थांबा, मग आपली ओळख द्या. रोज तीच खूण ठेवावी, उदाहरणार्थ तुमची बांगडी त्यांच्या बोटांना लावणं. मग तर्जनीच्या पेराने, नखाने नव्हे, तळहातभर मोठं अक्षर काढा. पुढचं अक्षर त्याच जागी काढा. शेजारी शेजारी लिहिलंत की हात पुरत नाही आणि कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळत नाही.

शिरोरेघ एरवी गाळा, वेळ वाचतो. पण भ आणि म, ध आणि घ यांचा फरक बराचसा त्या तुटक्या रेघेतच असतो, तिथे ती ओढावीच लागते. जोडाक्षरं फोडून लिहा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी काढायची की नंतर, हे घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवा. यात फार घोटाळे होतात. शब्द संपला की तळहातावर हलका दाब द्या. चुकलं तर पाटी पुसावी तसा पंजा फिरवा. ‘हो’ आणि ‘नाही’ची खूण पक्की करून ठेवा.

मधुमेहामुळे बोटांची, तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर मनगटाच्या वरचा भाग किंवा पाठ वापरून बघा. आणि उठून जाताना सांगून जा. आपण निघून गेलो हे त्यांना कळत नाही, त्या रिकाम्या खोलीत बोलत राहतात.

प्रश्न : हेलन केलर यांची पुस्तकं प्रत्यक्षात त्यांच्या शिक्षिकेने लिहिली, असं एका ठिकाणी ऐकलं. यात तथ्य किती?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तथ्य नाही. पण मदत कुठे लागायची ते नीट समजून घेतलं पाहिजे.

लहानपणी ती खोबणी पाडलेल्या फळीवर कागद ठेवून पेन्सिलीने चौकोनी अक्षरं लिहायची. पुढे हॅमंड टाइपरायटर आला. त्याची अक्षरपट्टी बदलता येत असे, म्हणून एकाच यंत्रावर इंग्रजी, ग्रीक आणि गणिताची चिन्हंही. टाइप ती झरझर करायची. अडचण अशी की टाइप केलेलं पान खुद्द लिहिणारीलाच वाचता येत नाही. ब्रेल उठावाचं असतं, बोटाला लागतं. टाइपाची शाई लागत नाही. म्हणून काही पानांच्या कडेला ती केसांच्या पिनेने ब्रेलचे ठिपके टोचून ठेवायची. बाकी मजकूर कोणीतरी तिच्या हातात पुन्हा वाचून दाखवायचा, ती दुरुस्त्या सांगायची. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ १९०३ मध्ये पुस्तकरूपाने आलं, तेव्हा ती रॅडक्लिफ कॉलेजात शिकत होती. संपादन जॉन मेसी यांनी केलं आणि पुस्तकात ते उघड नोंदवलेलं आहे.

कॉलेजचं कष्टाचं स्वरूपही यातच आलं. व्याख्यान चालू असताना सलिव्हन ते हातात उतरवायची. हात ऐकण्यात गुंतलेले, मग टिपणं काढणार कशी? घरी येऊन आठवेल तेवढं लिहायचं. प्रवेशपरीक्षेच्या दोन दिवस आधी तर असं लक्षात आलं की बीजगणिताची प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये येणार, आणि तिला सवय इंग्लिश ब्रेलची. चिन्हं निराळी! दोन दिवसांत ती घोकून तिने पेपर दिला. १९०४ मध्ये ती विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाली.

आणि सलिव्हन १९३६ मध्ये गेली. त्यानंतरही हेलनची पुस्तकं येतच राहिली. शंकेला यापेक्षा वेगळं उत्तर लागू नये.

प्रश्न : जिने रंग पाहिला नाही, संगीत ऐकलं नाही, तिच्या लेखनात चांदणं आणि पक्ष्यांची किलबिल येते. हे शब्द उसने नाहीत का?
– मराठीचे एक प्राध्यापक, नागपूर

उत्तर : हा प्रश्न तिला हयातभर विचारला गेला आणि त्याची जखम जुनी होती. १८९१ मध्ये, अकराव्या वर्षी, तिने ‘द फ्रॉस्ट किंग’ ही गोष्ट लिहून अंधांची शाळा चालवणाऱ्या पर्किन्स संस्थेचे संचालक मायकेल ॲनाग्नॉस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापल्यावर ध्यानात आलं की मार्गारेट कॅन्बी यांच्या एका गोष्टीशी तिचं फारच साम्य आहे. ती गोष्ट हेलनला १८८८ च्या उन्हाळ्यात हातावर वाचून दाखवली गेली होती, आणि ती ते विसरली होती. संस्थेतल्या आठ जणांच्या समितीपुढे त्या पोरीला एकटीला बसवलं, सलिव्हनला बाहेर काढलं आणि उलटतपासणी घेतली. हे आम्हाला अजूनही क्रूर वाटतं. आपण गोष्ट कुठून ऐकली हे लक्षात राहतं ते आवाजामुळे, मुखपृष्ठामुळे, पानावरच्या जागेमुळे. तिच्याकडे सगळंच एका तळहातातून येत होतं, आणि स्वतःचे विचारही त्याच अक्षरांत. गल्लत होणारच. त्यानंतर पुष्कळ काळ, साधं पत्र लिहितानाही, हे वाक्य आपलं की वाचलेलं, अशी धास्ती तिला वाटायची.

उसने शब्द आहेत का? काही आहेत. तिच्या सुरुवातीच्या लेखनात पुस्तकी विशेषणं बरीच आढळतात. पण १९०८ चं ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ घ्या. आमच्या मते तिचं सर्वांत अस्सल पुस्तक हेच. सुरुवातच गवतात लोळणाऱ्या कुत्र्याच्या स्पर्शाने होते. जमिनीतून येणाऱ्या पावलांच्या थरथरीवरून चालणारा तरुण की म्हातारा, घाईत की रागात, हे तिला ओळखू यायचं. सुताराची करवत, रंधा आणि हातोडा यांचे धक्के वेगळे लागायचे. वादळाचा वास काही तास आधी यायचा. जुन्या घरात शिरलं की पिढ्यान्‌पिढ्यांचे वास थरावर थर बसलेले जाणवायचे. यातलं उसनं काय आहे? डोळस लेखकाला हे लिहिता आलं नसतं. रंगांचे शब्द ती वापरते ते भाषा सगळ्यांची आहे म्हणून. आपणही न पाहिलेल्या समुद्रांवर लिहितोच की.

प्रश्न : त्या राजकारणात होत्या हे खरं? आमच्या पाठ्यपुस्तकात तर काहीच नव्हतं.
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : चांगल्याच होत्या. १९०९ मध्ये हेलन समाजवादी पक्षात गेली, आणि तिला तिथवर अंधत्वाच्या अभ्यासानेच नेलं. अंधत्व गरिबांत जास्त का, हे ती शोधत गेली : कारखान्यातले अपघात, कोंदट वस्त्या, आणि नवजात बाळांच्या डोळ्यांचा संसर्ग. आईला परमा असेल तर बाळंतपणात तो बाळाच्या डोळ्यांत जातो. सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब जन्मताच घातला तर डोळे वाचतात, हे १८८० च्या दशकापासून माहीत होतं. पण गुप्तरोगाचं नाव घ्यायचं कोणी? १९०७ मध्ये हेलनने बायकांच्या एका मोठ्या मासिकात हे उघड लिहिलं. अविवाहित तरुणीने असं लिहिण्याला त्या काळी काय धैर्य लागत असेल!

५ जानेवारी १९१६ ला न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिने कामगारांना युद्धाविरुद्ध संप करायचं आवाहन केलं. बायकांच्या मताधिकारासाठी ती लढली, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेला तिने देणगी दिली. ब्रुकलिनच्या एका संपादकाने पूर्वी तिची तोंडभरून स्तुती केली होती. ती समाजवादी झाल्यावर तोच म्हणाला, तिच्या चुका तिच्या व्यंगामुळे होतात. १९१२ च्या लेखात तिने त्याला सडेतोड उत्तर दिलं. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी विद्यार्थ्यांनी जाळलेल्या पुस्तकांत तिचंही पुस्तक होतं.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९१५ मध्ये गंभीर व्यंग असलेल्या एका नवजात बाळाला शस्त्रक्रिया नाकारून मरू दिलं गेलं, तेव्हा हेलनने त्या डॉक्टरची बाजू घेतली आणि असे निर्णय डॉक्टरांच्या पंचमंडळाने करावेत असं लिहिलं. ज्या कसोटीवर तिने ते बाळ तोललं, त्या कसोटीवर १८८२ ची हेलनही टिकली नसती. तिच्याबद्दल कितीही आदर असला तरी हे मत चूक होतं, असंच आम्ही म्हणू.

१९२४ पासून ती अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंडचं काम करू लागली. त्यानंतर राजकीय लेखन कमी झालं. देणग्या गोळा करणं आणि क्रांतीची भाषा, दोन्ही एकत्र जमण्यासारखं नव्हतं.

प्रश्न : मुलाला दिसत नाही आणि ऐकूही फार कमी येतं. प्रमाणपत्रावर फक्त ‘अंध’ आहे. फरक पडतो का? आणि हेलन केलर भारतात आल्या होत्या का?
– एक पालक, जळगाव

उत्तर : फरक पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. बधिरांधत्वाचा उल्लेख त्यात बहुविकलांगतेखाली स्वतंत्रपणे आहे. नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणातही तो गट धरलेला आहे. नेत्रतपासणीबरोबर श्रवणतपासणीचा अहवाल जोडून फेरतपासणी मागा. शाळेच्या दृष्टीने तर हे निकडीचं आहे. अंधांच्या शाळेत सगळं ऐकून शिकायचं असतं, बधिरांच्या शाळेत पाहून. हे मूल दोन्हीकडे मागे पडतं.

हेलन १९५५ मध्ये, ७४ वर्षांची असताना, सुमारे ४०,००० मैलांच्या आशिया दौऱ्यात भारतात आली होती, पंतप्रधान नेहरूंना भेटली होती. मुंबईत बधिर आणि बधिरांध मुलांसाठी तिच्या नावाची संस्था १९७७ मध्ये सुरू झाली. चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.

प्रश्न : एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं? अनुवाद की मूळ?
– एक ग्रंथपाल, रत्नागिरी

उत्तर : १९०३ चं आत्मचरित्र, पण पूर्ण. त्याचे तीन भाग आहेत : हेलनचं निवेदन, तिची पत्रं, आणि मेसींची पुरवणी. सलिव्हनची १८८७ ची पत्रं तिसऱ्या भागात आहेत, आणि शिक्षकांनी खरं वाचायचं ते तेच. स्वस्त आवृत्त्या आणि अनुवाद बहुधा पहिल्या भागावरच थांबतात. ग्रंथालयासाठी घेताना अनुक्रमणिका उघडून बघा. मूळ इंग्रजी ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर फुकट आहे, ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’सुद्धा.

पुढे जायचं असेल तर राजकीय लेखांचं ‘आउट ऑफ द डार्क’ (१९१३), आणि सगळ्यात शेवटी ‘टीचर’. सलिव्हनच्या या चरित्राचं हस्तलिखित १९४६ मध्ये कनेटिकटमधल्या घराला आग लागली तेव्हा जळून गेलं. त्या वेळी हेलन युरोपात होती. परत आल्यावर तिने ते पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतलं. १९५५ मध्ये छापून आलं ते हे दुसऱ्यांदा लिहिलेलं पुस्तक.